सव्वा रुपयातले चार आणे

आयर्लंडमध्ये गवत वाढू लागलं की त्याचा आवाज श्रीरंग नेसरीकरला जर्सी सिटीत ऐकू येतो, असं लोक म्हणायचे. लोक म्हणजे मुख्यतः श्रीरंगच.

पण म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. संग्रामच्या तुपाच्या कारखान्यासाठी लोणी खरेदी करणं हे श्रीरंगचं काम, आणि ते लोणी यायचं आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून. तिथला हिशेब सोपा. पाऊस बेतानं झाला की गवत येतं, गवत आलं की गाई भरभरून दूध देतात, दूध आलं की लोण्याचा भाव उतरतो. ऊन तापलं किंवा पाऊस नको तेवढा कोसळला की सगळं उलटं फिरतं. त्यामुळे हा माणूस राहायला हडसन नदीच्या काठी, सतराव्या मजल्यावर, आणि सकाळी उठून चिंता करायचा ती कॉर्कच्या कुठल्याशा टेकडीवर ढग आलेत का याची. स्वतःच्या खिडकीबाहेर बर्फ पडतंय, हे त्याला दुपारी कोणीतरी सांगायचं.

मंगळवारी तो वेगळाच माणूस असायचा. मंगळवारी सकाळी कॉर्कला फोन लावून भाव ठरवायचा. त्या दिवशी गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, केसांना किंचित तेल. फोनवर शर्ट दिसत नाही, हे हिमानीनं त्याला एकदा सांगून पाहिलं होतं. हिमानी म्हणजे संग्रामची बायको. कारखान्याचे अकाउंट्स तीच बघायची.

"भाव शर्टावर ठरतो, हिमानी," श्रीरंग म्हणाला. "चुरगळलेल्या शर्टात माणूस ढिला पडतो."

"मग व्हिडिओ कॉल करा ना काका. एवढा शर्ट वाया चाललाय."

"छे छे. तोंड दिसलं की भाव फुटला."

फोन होईपर्यंत काका चहासुद्धा घेत नसत, म्हणून त्यांच्या मंगळवाराला हिमानी ‘उपास’ म्हणायची. आणि हा उपास ज्या देवतेचा होता तिचं नाव नोरीन. गावोगावचं दूध गोळा करून लोणी काढणाऱ्या तिथल्या एका सहकारी क्रीमरीत ती विक्रीचं काम बघायची. वीस-बावीस वर्षं दोघं दर मंगळवारी बोलत होते आणि त्यांनी एकमेकांना एकदाही पाहिलं नव्हतं.

बोलणं नेहमी एकाच वळणानं जायचं. आधी नोरीन भाव सांगायची. मग श्रीरंग कण्हायचा. ते कण्हणं इतकं अस्सल असायचं, की एकदा शेजारच्या गोडाऊनवाल्यानं ॲम्ब्युलन्स बोलावली आणि आलेली माणसं तुपाची एकेक बरणी घेऊन परत गेली. निदान श्रीरंग तरी असं सांगे. कण्हून झालं की नोरीन पावसाचं सांगायची, आणि श्रीरंग गावाकडचं.

गावाकडचं म्हणजे गडहिंग्लजच्या आठवडी बाजारातलं. श्रीरंगचे वडील तिथे लोण्याचे व्यापारी होते, एवढं खरं. बाकी त्या दिवशी तोंडाला येईल ते. त्याच्या चुलत्याच्या लोण्याच्या कोठीत म्हणे एका पैलवानाचा पाय घसरला, तो थेट निपाणीत जाऊन थांबला. भाव पडला की त्यांच्याकडच्या म्हशी दूध चोरायच्या, आणि चढला की स्वतःहून गवळ्याच्या दारात रांग लावायच्या. एका म्हशीला तर तराजूचा काटा वाचता यायचा. कोणी वजनात मारलं की ती शेपटीनं त्याची टोपी उडवायची.

"आणि तुमच्याकडचं लोणी पांढरं असतं म्हणे," नोरीन मुद्दाम काढायची.

"शुभ्र. चांदण्यासारखं."

"श्री, टोपीवाली म्हैस मी एक वेळ मानेन. पण पांढरं लोणी? थाप मारावी ती समोरच्याला पचेल एवढी."

आता यातली गंमत बघा. त्या सगळ्या बाजारात खरी अशी ती एकच गोष्ट होती. म्हशीचं लोणी पांढरंच असतं. पण ज्यानं म्हशीला तराजू वाचायला शिकवलं, त्याच्या लोण्यावर कोण विश्वास ठेवणार?

आणि श्रीरंगचा जीव अडकला होता तो नेमका त्याच लोण्यात. वडिलांच्या दुकानात पाण्यानं भरलेल्या पितळी घंगाळात ते गोळे तरंगत असायचे. वडील त्यातली चिमूट घ्यायचे, मनगटाच्या मागच्या बाजूला चोळायचे, वास घ्यायचे आणि डोळे मिटून भाव सांगायचे. आयर्लंडचं लोणी पिवळंधमक, हळद लागल्यासारखं. त्याचं तूप उत्तम व्हायचं, रवाळ, खमंग. तरी नवा खोका फोडताना श्रीरंग दर वेळी एक क्षण थांबायचा. कुणी सांगावं, या खेपेला आतून पांढरं निघेल.

तर या दोघांमध्ये एकदाच काहीतरी झालं होतं. श्रीरंगच्या समजुतीप्रमाणे, होता होता राहिलं होतं.

ती अगदी पहिल्या वर्षातली गोष्ट. श्रीरंग तेव्हा चाळिशी ओलांडलेला. ग्रीन कार्डच्या रांगेत उभा राहता राहता लग्नाची रांग चुकलेला. अमेरिका सोडून बाहेर पाऊल टाकायचं म्हणजे परत आत घेतील की नाही याची धाकधूक. तिकडे नोरीनही एकटीच, आजारी आईचं करणारी. पहिला मोठा सौदा ठरला तेव्हा श्रीरंग म्हणाला, "आमच्याकडे सही नंतर. आधी इसार. सव्वा रुपया हातावर ठेवायचा. एकदा तो घेतला की दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही."

"काय द्यायचं नाही?" नोरीननं विचारलं. तिच्या आवाजात हसू होतं. किंवा श्रीरंगला तसं ऐकू आलं.

इथे त्यानं बोलायला हवं होतं. ज्या माणसाला एक अख्खा पैलवान निपाणीपर्यंत घसरवत नेता येतो, त्याला दोन शब्द जड नव्हते. पण ऐन वेळी तो म्हणाला, "लोणी."

"बरं," नोरीन म्हणाली. "लोणी तर लोणी."

त्यानं बॅगेच्या तळाशी पडलेल्या देशातल्या सुट्ट्या पैशांमधून एक रुपया आणि चार आणे शोधून काढले, दोन्ही नाण्यांना हळदकुंकू लावलं आणि पाकिटातून पाठवून दिले. सौदा क्रीमरीशी झाला होता, पण पाकिटावर त्यानं नाव घातलं नोरीनचं. समजणाऱ्याला एवढं पुरे, असा त्याचा विचार. इसार परत आला तर त्याचा अर्थ काय होतो, हे मात्र त्यानं तिला सांगितलं नाही. शुभ बोलताना मोडण्याचं कोण बोलतं?

काही आठवड्यांनी कॉर्कहून पाकीट आलं. आत चिठ्ठी नाही, काही नाही. फक्त त्याचेच चार आणे.

परत आलेले इसार श्रीरंगनं लहानपणी पाहिले होते. त्यातला एक पैसा जरी परत आला, तरी वडील मुकाट्यानं तराजू उतरवून ठेवायचे. का, म्हणून विचारायचं नाही, तोच रिवाज. सव्वातला पाव काढून घेतला की मागे राहतो तो नुसता रुपया. त्याच्यात शकुन उरत नाही. श्रीरंगनं ते चार आणे तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ विचार केला आणि त्याला सगळं स्वच्छ दिसलं. किती सभ्य नकार! लोणी देईन, म्हणून रुपया ठेवून घेतला. बाकीचं जमायचं नाही, म्हणून चार आणे परत.

पुढच्या मंगळवारी त्यानं फोन लावला, भाव विचारला आणि कण्हला. पाकिटाचा विषय त्यानं काढला नाही. तिनंही काढला नाही. चार आणे चष्म्याच्या केसमध्ये गेले आणि तिथेच राहिले. पुढे ग्रीन कार्ड आलं, नागरिकत्व आलं, विमानं सगळीकडे जाऊ लागली. पण ज्या दुकानातून इसार परत आलाय, त्याच्या पायरीशी कशाला जायचं?

मग ही मागची दोन वर्षं आली. तिकडे आधी वसंत गारठला, गवत उगवेना, आणि लोण्याचा भाव टनाला आठ हजार युरोंच्या घरात जाऊन बसला. क्रोसाँ इतके लहान झाले की पॅरिसमध्ये लोक ते चष्मा लावून खायचे, ही बातमी अर्थात श्रीरंगची. नंतर दूध आलं ते असं आलं की भाव धाडकन खाली. पण तोवर अमेरिकेनं युरोपच्या मालावर जादा शुल्क लावून ठेवलं होतं, आणि इथलं लोणी तर त्याहूनही स्वस्त झालं होतं.

एका शुक्रवारी संग्राम लॅपटॉप घेऊन श्रीरंगच्या टेबलाशी आला. कारखाना त्याच्या वडिलांनी काढलेला. लहानपणी तो याच टेबलाखाली खेळलेला.

"काका, मी सगळं कॅल्क्युलेट केलंय. विस्कॉन्सिनचं लोणी आपल्याला जवळजवळ अर्ध्यात पडतं. ड्युटी नाही, जहाज नाही, पोर्टवर कंटेनर अडकायचं टेन्शन नाही. आयर्लंड बंद करू या यार." मग जीभ चावून, "सॉरी. काका."

"विस्कॉन्सिनमध्ये फॅट ऐंशी टक्के. त्यांच्यात ब्याऐंशी."

"दोन टक्क्यांनी काय होतं?"

"वास त्या दोन टक्क्यांतच असतो."

"कस्टमरला वास नाही कळत काका, प्राइस कळते. मंगळवारी तुम्ही फोन करताच, तेव्हा कॅन्सल करून टाका. की मी ईमेल टाकू?"

"ईमेल नको!" श्रीरंग एवढ्या जोरात म्हणाला की हिमानीनं स्क्रीनवरून मान वर केली.

संग्राम वाईट पोरगा नव्हता. त्याच्या लेखी एक सप्लायर बदलत होता, बस. श्रीरंगच्या लेखी आठवड्यातून मंगळवार काढून टाकला जात होता. लोणी घ्यायचं नाही, तर फोन कुठल्या निमित्तानं करायचा? भाव विचारायला? घ्यायचं नसताना भाव विचारणाऱ्या माणसाला गडहिंग्लजच्या बाजारात काय म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

संग्राम गेल्यावर हिमानी हळूच म्हणाली, "काका, सांगून टाका तिला."

"सांगतो की. कॅन्सल म्हणून."

"ते नव्हे."

"मग काय?"

"आता मला विचारता? इतकी वर्षं शर्टाला इस्त्री कोण मारतंय, मी की तुम्ही?"

मंगळवारी श्रीरंगनं पांढरा शर्ट घातला. फोन लावला. कॉर्कमध्ये तेव्हा दुपार होती.

"नेसरीकर बोलतोय."

"मला वाटलं पोप असतील," नोरीन म्हणाली. "भाव सांगू?"

"आधी पाऊस सांग."

ती थांबली. इतक्या वर्षांत त्यानं क्रम कधी मोडला नव्हता. "पाऊस चांगला झालाय. गवत घोट्याच्या वर आलंय," ती सावकाश म्हणाली. "काय झालं, श्री?"

त्यानं सांगितलं. शुल्क, विस्कॉन्सिन, संग्रामचं गणित. मध्ये एकही म्हैस आली नाही. सांगून झालं. पलीकडे मागे कुठेतरी एक ट्रक रिव्हर्स घेत पीं-पीं करत होता.

"धास्ती होतीच मला," नोरीन म्हणाली. "तिकडची बरीच गिऱ्हाइकं गेली आमची. तू टिकून होतास." मग घसा साफ करून, "म्हणजे आता तुझा रुपया परत करायला हवा."

"कुठला रुपया?"

"तू पाठवलेला. लाल रंग लावलेला. माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. नवीन मॅनेजर आला की विचारतो, हे काय? मी सांगते, एका गृहस्थासाठी राखून ठेवलंय."

श्रीरंगनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण नोरीन, इसार तर तू तेव्हाच परत केलास. चार आणे आले ना मला."

"परत? अरे देवा. श्री, तो लक-पेनी होता!"

"काय होता?"

"जत्रेत गाय विकली की विकणारा मिळालेल्या पैशांतलं थोडंसं घेणाऱ्याच्या हातावर परत ठेवतो. शकुनाचं. सौदा पक्का झाला, दोघांचंही भलं होवो, म्हणून. माझे वडील कधी चुकले नाहीत. जो काहीच परत देत नाही, त्याच्याशी पुन्हा कोणी हात मिळवत नाही. आणि मी तर मुद्दाम म्हशीचं नाणं निवडलं. तुझ्या गावचं जनावर तुझ्याजवळ राहावं म्हणून."

श्रीरंगनं चष्म्याच्या केसमधून चार आणे काढले. "तो गेंडा आहे."

"काय?"

"नाण्यावर. गेंडा. म्हैस नाही."

"नाकावर शिंग होतं खरं," नोरीन म्हणाली. "मला वाटलं, तुमच्याकडे तिथे येत असेल." आणि ती हसायला लागली. श्रीरंगही हसला. मग दोघंही एकदमच थांबले.

"मी वाट बघितली तुझी," नोरीन म्हणाली. "लक-पेनी हातात पडला की माणूस निदान ‘देव भलं करो’ म्हणतो. तू पुढच्या मंगळवारी भाव विचारलास आणि कण्हलास. मला वाटलं, चार आणे फार कमी झाले. बाई कंजूष आहे, असं वाटलं असेल तुला."

"परत आलेल्या इसाराबद्दल आमच्यात विचारायचं नसतं."

"आणि दिलेल्या लक-पेनीबद्दल आमच्यात आपणहून बोलायचं नसतं. घेणाऱ्यानं बोलायचं."

पैलवान, तराजू, टोप्या, अख्खा बाजार श्रीरंगच्या जिभेवर उभा होता. एकाला हाक मारली असती तर चार धावून आले असते. त्यानं कोणालाच हाक मारली नाही.

"तू म्हणाला होतास, दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही," नोरीन म्हणाली.

"हो."

"मी दिलं नाही."

"तुमची क्रीमरी अर्ध्या जगाला लोणी विकते, नोरीन."

"लोणी, हो."

श्रीरंगनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला, कारण पहिल्या कानात आता स्वतःच्याच छातीचे ठोके ऐकू येत होते.

"आणखी एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "इथून थोड्या अंतरावर, मॅक्रूमकडे, म्हशी पाळतात. चीजसाठी. मागे एकदा मी गाडी काढून गेले. तिथल्या माणसाला म्हटलं, थोडं लोणी घुसळून दाखव. वेड्यात काढलं त्यानं मला, पण दाखवलं."

"मग?"

"पांढरं होतं, श्री. तू म्हणतोस तसंच. मी खिडकीशी नेऊन पाहिलं, बाहेर उजेडात नेऊन पाहिलं. पांढरंच."

"आणि इतके दिवस बोलली नाहीस?"

"बोलले असते तर मग ती टोपीवाली म्हैसही मानावी लागली असती. आणि पुढच्या मंगळवारी तुला चिडवलं कशावरून असतं?"

खिडकीबाहेर ट्रेन गेली, काचा थरथरल्या. श्रीरंगच्या डोळ्यांसमोर एक बाई होती, जिचं तोंड त्याला माहीत नव्हतं. ती बोटावर पांढरं लोणी घेऊन उजेडात उभी होती, आणि ते त्याला दाखवायला तिच्याजवळ कोणी नव्हतं.

"रुपया पोस्टानं पाठवू नकोस," तो म्हणाला.

"इसार हातावर ठेवतात म्हणालास ना? मग परत करायचा तोही हातावरच करावा लागेल. ये आणि घेऊन जा." ती जरा थांबली. "किंवा ये, आणि असू दे म्हण."

"गवत किती दिवस असतं तुमच्याकडे?"

"ऑक्टोबरपर्यंत. त्यानंतर गाई आत बांधतात, आणि मीही आतच असते."

"देव भलं करो, नोरीन," श्रीरंग म्हणाला.

"उशीर केलास," ती म्हणाली. पण फोन तिनं लगेच ठेवला नाही, आणि त्यानंही नाही. दोघं थोडा वेळ त्या ट्रकची पीं-पीं ऐकत राहिले. फोन खाली ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, या खेपेला भाव विचारायचाच राहिला.

संग्राम दारात डोकावला. "झालं कॅन्सल? भांडली का?"

"लोणी बंद," श्रीरंग म्हणाला. "पण मला रजा हवी. आयर्लंडला जायचंय."

"आता कशाला? माल घ्यायचा नाही ना आपल्याला?"

"म्हैस बघायला."

संग्राम दाराची चौकट धरून हसला. "आयर्लंडमध्ये म्हैस! काका, मान गए. आजवरच्या सगळ्यांत ही बेस्ट."

श्रीरंगनं वाद घातला नाही. खरं सांगितलं की कोणी मानत नाही, याची आता त्याला सवय होती. हिमानी मात्र हसली नाही. तिनं चहाचा कप आणून त्याच्यापुढे ठेवला.

"सुटला का उपास?"

"अजून नाही," श्रीरंग म्हणाला, आणि कप थोडा बाजूला सरकवला. तळहातावरच्या चार आण्यांवर गेंडा उभा होता, इतकी वर्षं होता तसाच. पण शिंगावर अंगठा ठेवून बघितलं तर त्याची म्हैस व्हायला फारसं काही कमी नव्हतं.